सुपारी यायच्या आधीचा रियाज

बडोद्यात तबल्यावर घर चालतं का, हा प्रश्न मला कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याचे बाबा विचारतातच, मुलगा दहावीत असला की जरा जास्तच काळजीने. मी म्हणतो चालतं, पण नुसत्या तबल्यावर नाही, आणि एकाच पद्धतीच्या तबल्यावर तर अजिबात नाही. आमच्याकडे कामाचं वर्ष सणांप्रमाणे फिरतं. श्रावणात भजनं, भाद्रपदात गणपती, आश्विनात गरबा, मग दिवाळी पहाट, मग लग्नातल्या संगीत संध्या, आणि मधल्या वेळेत कथकच्या परीक्षा, रेकॉर्डिंग, शिकवण्या. प्रत्येक ठिकाणी हात वेगळा लागतो. आणि जे आश्विनात वाजवायचं त्याचा रियाज ज्येष्ठात व्हायला लागतो, ऐन नवरात्रीच्या तोंडावर शिकायला बसलात तर सुपारीचा, म्हणजे कामाच्या बोलावण्याचा, फोन केव्हाच दुसऱ्याला गेलेला असतो.

माझं शिक्षण तसं सोवळ्यातलं. सूरसागरच्या समोर परफॉर्मिंग आर्ट्सचं कॉलेज आहे तिथे मी शिकलो, आमचे सर सुधीरकुमार सक्सेना सरांच्या तालमीतले, म्हणजे तबल्याचं अजराडा घराणं, आडीतले (तिरक्या लयीतले) कायदे, डग्ग्याची (डाव्या हाताच्या तबल्याची) मींड, हे सगळं डोक्यात भिनलेलं. त्या कॉलेजचं मूळ म्हणजे १८८६ साली सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा. १९१६ ला भातखंडेंनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही याच गावात, फैयाज खाँसाहेब इथलेच दरबारी गायक. इतिहास एवढा मोठा की आम्हाला कॉलेजात वाटायचं बाहेर पडलो की लोक रांगेत उभे असतील. इतिहासामुळे कुणाचा फोन येत नाही हे बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी कळतं :)

तरी बरं चाललं होतं, पण २०२० ला गुजरातमधे नवरात्रीत गरबे झालेच नाहीत, २०२१ ला शेरी-सोसायटीत मोजक्या लोकांत झाले आणि २०२२ ला मोठी मैदानं परत सुरू झाली तोवर स्टेजवरची बैठकच बदलली होती. आधी एका ग्रुपमधे ढोल, ढोलक, तबला, काँगो असे चौघंपाचजण रिदमला असायचे, आता एक ढोलवाला आणि एक ऑक्टापॅडवाला (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड), आणि त्या ऑक्टापॅडवाल्यानेच एखाद्या गाण्याला तबला पण धरायचा. फोन आला की पहिला प्रश्न, “भाई, ऑक्टापॅड वगाडो छो?” तबला कसा वाजवता हे कुणाला विचारायचंच नव्हतं.

मग पुढच्या उन्हाळ्यात मी एक वही केली. एका बाजूला महिने, एका बाजूला त्या महिन्यात येणारी कामं, आणि तिसरा रकाना असा की आपल्या ओळखीच्या वादकांपैकी कोणाला कुठे परत परत बोलावतात. कारण एकदा बोलावणं काय, कोणीही बोलावतं, तुमचा नातेवाईक कमिटीत असला तरी पुरतं. दुसऱ्यांदा का बोलावलं नाही हे मात्र कोणी तोंडावर सांगत नाही, फक्त फोन येत नाही. म्हणून मी उलटं विचारायला सुरुवात केली, गाणाऱ्यांना, ऑर्गनवाल्यांना, कीबोर्डवाल्यांना, की बाबा तुम्हाला तबलजी म्हणून कोण पाहिजे असतो आणि का. इथल्या दांडिया बाजार भागात एक काकू आहेत, भावगीतं आणि नाट्यपदं गातात, वय सत्तरच्या घरात, त्या म्हणाल्या, “हे बघ, मला दुसऱ्या अंतऱ्याला धाप लागता कामा नये, बाकी तुझे कायदेबियदे तू घरी वाजव.” एका ऑर्गनवाल्या काकांनी सांगितलं, “जो सुरात लावतो आणि पटकन लावतो तो.” एकानेही हात किती तयार आहे याचा विषय काढला नाही. म्हणजे हात तयार पाहिजे हे धरूनच चालतात, त्याचे वेगळे मार्क नाहीत.

मग पहिलं काम, ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल सारखे वाजवत राहणं. आता ठेका काय शिकायचा, तो तर पहिल्या वर्षीच शिकलो असं वाटतं ना, पण मेट्रोनोम लावून नुसता केरवा वीस मिनिटं वाजवून बघा, मुखडा, तिहाई असले सजावटीचे तुकडे नाहीत, बोल बदलायचा नाही. मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीला लावलात तर पाचव्या मिनिटाला हात शिवशिवायला लागतो. मी रोज सकाळी तेवढंच करायचो, एक दिवस केरवा, एक दिवस दादरा, एक दिवस रूपक, आणि मग मेट्रोनोमचे मधले ठोके बंद करत जायचे. आधी प्रत्येक मात्रेला टिक, मग फक्त समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, मग एक आवर्तन (तालाची एक फेरी) टिक आणि एक आवर्तन एकदम शांत. फुकटच्या ॲपमधे पण ही सोय असते. त्या शांत आवर्तनात आपण खरे किती आहोत ते कळतं. सगळ्यात अवघड विलंबित, म्हणजे अगदी संथ लय. एकतालाच्या बारा मात्रा, एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन पाऊण मिनिटाच्या वर जातं, आणि त्यात “धागे तिरकिट” मधला तिरकिट चारही अक्षरं सारखी पसरून भरायचा, गडबडीत टाकून मोकळं व्हायचं नाही. ख्यालाच्या साथीला आमच्या गावात आता फार काम उरलेलं नाही, पण हा रियाज केलेला माणूस भजनात सुद्धा ओळखू येतो, ठेका बसलेला वाटतो.

लय कुठे चढते हे पण मी शोधलं, मोबाईलवर कार्यक्रम रेकॉर्ड करून, माझेही आणि दुसऱ्यांचेही. जवळजवळ सगळ्यांची दोन ठिकाणीच चढते, समेच्या आधीच्या मुखड्यात आणि लग्गी (गाण्यात मधे वाजवायचे जलद बोल) वाजवून ठेक्यावर परत येताना. लग्गीत लय दुप्पट भासते, हाताला नशा येते, आणि परत आलं की ठेका दोन दाणे पुढे गेलेला असतो, गाणारी बिचारी ओढली जाते. यावर उपाय एकच, लग्गी कमी आणि “परत येणं” जास्त वाजवायचं. म्हणजे दोन आवर्तनं लग्गी, आठ आवर्तनं ठेका, परत दोन लग्गी, असं अर्धा तास. कंटाळवाणं आहे, रीलवर टाकण्यासारखं तर मुळीच नाही. रीलवर लाईक रेल्याला, म्हणजे सुसाट बोलांना, मिळतात आणि सुपारी ठेक्याला मिळते, हे आमच्या क्लासमधल्या पोरांना पटवता पटवता माझा घसा बसतो.

आता ऑक्टापॅड. मांजलपूरला माझा एक मित्र राहतो, गुजराती, गरब्याच्या ग्रुपमधे पंधरा-वीस वर्षं ऑक्टापॅड वाजवतो. त्याच्या मुलाला मी तबला शिकवणार आणि तो मला ऑक्टापॅड, पैशाचा व्यवहार नाही, असं ठरलं. मी सेकंडहँड रोलँडचा एसपीडी-२० घेतला, आठ पॅडवाला, वर चार खाली चार, स्टेजवर सगळीकडे हाच दिसायचा. तबल्यावाल्याला वाटतं की हे काय, काठीने रबर बडवायचं, आठवड्यात येईल. नाही येत. तबल्यात आवाज तुमच्या बोटात असतो, कुठे मारलं, किती मोकळं सोडलं, डग्ग्यावर मनगट किती घासलं. पॅडला मात्र दोनच गोष्टी समजतात, कुठल्या पॅडवर मारलं आणि किती जोरात मारलं, बस. म्हणजे सगळं वजन जोराच्या कमीजास्तपणातूनच काढायचं. आणि आमची बोटं तयार असली तरी काठी धरणारं मनगट कच्चं, त्यात डावं तर फारच, कारण आमचा डावा हात डग्ग्यावर टेकून राहायला शिकलेला असतो, उचलून मारायला नाही. पहिले कित्येक दिवस मी काठ्या घेऊन लोडावर उजवा-डावा, उजवा-उजवा, डावा-डावा हेच करत बसायचो, लोडावर काठी उसळत नाही त्यामुळे मनगटाला सगळं काम स्वतः करायला लागतं, मग पॅडवर आल्यावर हलकं वाटतं. बायको म्हणाली कापूस पिंजायचं काम घेतलंय का.

खरी शिकवण मात्र मित्राने नाही, त्याच्या आईने दिली. उन्हाळ्याचे दिवस होते, बा ओसरीत वर्षाचे गहू एरंडेल लावून कोठीत भरत होत्या आणि आम्ही आतल्या खोलीत बसलेलो. मित्राने मला हींच वाजवायला सांगितला. हींच म्हणजे गरब्याचा सहा मात्रांचा ताल, मी मनात म्हटलं दादराच की, तोही सहाचाच, आणि दादऱ्याचं वजन धरून मस्त भरून वाजवला, मधे मधे छोटे तुकडे टाकत. बा बाहेरूनच म्हणाल्या, “आ गरबो नथी.” मित्र हसला. मग बा उठल्या, हात कोपरापर्यंत तेलाचे, दारात उभ्या राहून त्रण ताळीची, म्हणजे तीन टाळ्यांच्या गरब्याची, एक फेरी घेऊन दाखवली, पाय पुढे, ताळी, वळण, ताळी, परत मागे, ताळी, आणि म्हणाल्या आता वाजव. मी वाजवायला लागलो की त्या मधेच थांबायच्या. थांबल्या की मी समजायचो इथे चुकीच्या जागी जोर पडला, त्यांचा पाय हवेत असताना मी ठोका ठेवलाय. सहाच मात्रा, पण दादऱ्यात वजन जिथे पडतं तिथे हींचमधे पडत नाही, आणि ते मी इथे लिहून दाखवू शकत नाही, कारण ते लिहून येतच नाही, नाचणाऱ्याचा पाय बघून किंवा जुन्या ढोलवाल्याच्या शेजारी बसूनच येतं. मित्राचं म्हणणं एवढंच, “तमे तबलावाळा बधुं भरी नाखो छो.” तुम्ही सगळं भरून टाकता, ढोलवाला आहे, कीबोर्ड आहे, मंजिरा आहे, त्यांना जागा ठेवा. मग त्याने मला शिक्षा लावली, अख्खी संध्याकाळ आठातले दोनच पॅड वाजवायचे. बरेच दिवस ते दोनच पॅड चालले.

मशीनचं म्हणून जे शिकायचं ते थोडं पण न टाळता येणारं आहे. कुठल्या पॅडवर काय ठेवायचं हे प्रत्येकाने आपल्या हाताप्रमाणे ठरवावं, मी खालच्या ओळीत ढोलची घुम आणि ढोलकची थाप ठेवतो, वर मंजिरा, टाळी, शेकर वगैरे, आणि गाण्यांच्या क्रमाने किट (आवाजांचे संच) लावून ठेवतो म्हणजे अंधारात एकच बटण दाबायचं. दुसरं, सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड (किती हलक्या ठोक्याला पॅड वाजायचा ते) घरी लावून उपयोग नाही, स्टेजवर जाऊन लावावं लागतं, कारण शेजारी सबवूफर असला की स्टेजची फळी हादरून पॅड आपोआप वाजायला लागतो, आणि लोकांना वाटतं वादकच बेताल आहे. साउंडचेकला हे दहा मिनिटांत जमायला पाहिजे. मी त्याचा पण घरी रियाज केला, सगळी सेटिंग मुद्दाम बिघडवायची आणि घड्याळ लावून परत आणायची.

गरब्याच्या लयीचं अजून एक. बडोद्याचा गरबा मोठ्या वर्तुळाचा, हजारो लोक एका लयीत फिरतात, आणि सुरुवात बरीच संथ होते. इथल्या युनायटेड वे संस्थेच्या गरब्यात अतुल पुरोहित गातात त्याचे जुने व्हिडिओ लावून मी मेट्रोनोम जुळवत बसायचो, लय किती हळू सुरू होते, कुठल्या गाण्यावर किती वाढते, गायक हाताने खूण करतो ती कधी. एक गाणं संपून दुसरं सुरू होताना मधे थांबायचं नसतं, खूण चुकली तर वर्तुळाची एक बाजू जुन्या लयीत आणि एक बाजू नव्या, मग सगळा घोळ. त्यामुळे मान खाली घालून वाजवणारा इथे चालत नाही, डोळे गायकाच्या हातावर पाहिजेत. तबलजींची जुनी सवय असते डोळे मिटून मान डोलवायची, ती सोडायला लागते. २०२३ च्या डिसेंबरात गरबा युनेस्कोच्या वारसा यादीत गेला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला, मानधन होतं तेवढंच आहे, असो.

आणि कान. नऊ रात्री, रोज तीन-चार तास, मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) कानाशी. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. स्टेजवर आवाज याच्या बराच वर असतो हे सांगायला मीटर लागत नाही, घरी आल्यावर कानात जी शिट्टी वाजते ती पुरे. मी आता वादकांसाठी मिळतात तसले इअरप्लग घालून वाजवतो, पहिल्यांदा पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं, म्हणून ते घालून घरी पंधरा दिवस आधीपासून वाजवायचं, म्हणजे आपल्याच आवाजाचा अंदाज परत बसतो. हे रियाजात कोणी धरत नाही, पण कान गेले तर ऑर्गनवाल्या काकांची ती “सुरात लावतो” वाली अट कशी पुरी करणार.

सुरात लावण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त कामं यावर मिळतात आणि सगळ्यात कमी रियाज याचाच होतो. गणपतीत पावसाळी हवा, पुडी (तबल्याचं चामडं) ओल धरते, तबला उतरतो, डग्गा तर मेल्यासारखा होतो. हॉलमधे एसी असला की उलट, चामडं सुकून तबला चढतो, आणि पहिल्या गाण्याला बरोबर असलेला तिसऱ्या गाण्याला वर गेलेला असतो. त्यात एका कार्यक्रमात तीन गायक, तीन पट्ट्या. काकू काळी चारमधे गातात, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. त्यांना षड्जाला (सा) लावायचा तर मोठ्या तोंडाचा खर्जातला तबला लागतो, तो मी दरवेळी उचलून नेत नाही. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक, तर काळी एकचा तबला त्यांना मध्यमाला चालतो, आणि नंतर काळी एकमधे गाणारे गृहस्थ आले की तोच तबला त्यांना षड्जाला. पण पद भूप रागातलं असलं तर त्यात मध्यमच नाही, मग काळी चारचा पंचम (प), म्हणजे काळी दोन, तिथपर्यंत चढवायला लागतो, किंवा दुसरा तबला. हे गणित स्टेजवर डोकं खाजवत करायचं नसतं, पट्टी ऐकली की तोंडपाठ यायला पाहिजे. काळी पाच म्हटलं की मध्यम काळी दोन, पंचम पांढरी चार. मी बाथरूममधे आरशाला चिठ्ठी लावून पाठ केलंय.

आणि लावायचा कसा, तर निवेदक बोलत असतो तेवढ्या वेळात. दीड-दोन मिनिटं, समोर लोक कुजबुजतायत, मागे कोणीतरी खुर्च्या सरकवतंय. आधी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे), मग हातोडीने गजरा (पुडीची विणलेली कड), समोरासमोरची घरं (गजऱ्याचे भाग) धरत सोळाही घरं चाटेवर (पुडीच्या काठावर) वाजवून बघायची. घरी शांततेत हे सगळ्यांना जमतं. म्हणून मी घरी टीव्ही मोठ्याने लावतो, त्यावर बातम्यांची भांडणं चालू, मोबाईलवर तानपुरा अगदी हळू, आणि अशात तबला दोन मिनिटांत एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर न्यायचा. शेजारच्यांनी एकदा विचारलं घरात सगळं ठीक आहे ना.

नाट्यपदं आणि भावगीतांचं म्हणाल तर गणपतीत रिहर्सल होते असं समजू नका. यादी हातात येते ती स्टेजवर बसल्यावर, ती पण कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेली. त्यामुळे गाणी माहीत पाहिजेत, आणि माहीत म्हणजे नुसती ऐकलेली नाहीत. गाण्याचा मुखडा, म्हणजे पहिली ओळ, कितव्या मात्रेवरून उठतो, अंतऱ्याआधी लय सुटते का, शेवटची ओळ तीनदा येते का, कुठे धुमाळी आणि कुठे भजनी ठेका, कुठे अद्धा त्रिताल. मी आषाढात रात्री जेवण झालं की एक-एक गाणं लावून वहीत एवढंच टिपायचो, ताल, मुखड्याची मात्रा, आणि एखादी खोच असेल तर ती. इकडची पोरं हिंदी गाणी सगळी पाठ असूनही इथेच अडतात, कारण घरी मराठी गाणी आता लागत नाहीत. बडोद्यात मराठी पद वाजवू शकणारे तबलजी कमी होत चाललेत, त्यामुळे खरं सांगायचं तर ज्याला येतं त्याला गणपतीचे दहा दिवस मोकळे मिळत नाहीत. एखाद दुसरी लावणी पण यादीत असतेच, आणि ती तबल्यावर वाजवली की लोक चुळबूळ करतात, ढोलकीची थाप लागते. ढोलकी मी कामापुरती वाजवतो, कामचलाऊच म्हणा.

कथकच्या परीक्षांचं काम मार्गी लावायला मला पढंत (बोल तोंडाने म्हणणं) पक्की करायला लागली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुली झपताल, रूपक, धमार, वरच्या वर्गात पंचमसवारी सुद्धा घेऊन येतात. पंधरा मात्रांची पंचमसवारी वर्षात एकदाच वाजवायची असेल तर बोटांना विसर पडतोच, म्हणून आठवड्यातला एक दिवस फक्त विषम मात्रांचे ताल. मुलगी घाबरली की तिचा तत्कार (पायांचं काम) पुढे पळतो, अशा वेळी तिच्या मागे पळायचं पण नाही आणि आडमुठेपणाने खेचायचं पण नाही, दोन आवर्तनांत हळूच खाली आणायचं. पैसे फार नसतात, पण एकेका क्लासच्या मॅडमशी एकदा जमलं की वर्षानुवर्षं सुटत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. क्लिक कानात घेऊन वाजवायची सवय वर सांगितलेल्या मेट्रोनोमच्या रियाजाने झालीच, फक्त हेडफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही बरोबर वाजवूनही मागे पडलेले दिसता. आता बरेच लोक स्टुडिओत बोलावतच नाहीत, ट्रॅक पाठवतात आणि म्हणतात घरी वाजवून फाईल पाठवा. मग मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं. फाईलच्या नावात लय आणि पट्टी लिहायची, आणि तबला नेमका किती सेंट (सुराचं बारीक माप) वर-खाली लावला होता ते वहीत, कारण चार दिवसांनी “भाई, दुसऱ्या अंतऱ्यात जरा वेगळं पाहिजे” असा मेसेज येणारच, आणि तेव्हा तबला त्याच जागी लावता आला नाही तर सगळंच परत वाजवा.

बाकी वेळेवर पोचणं, फोन उचलणं, ॲडव्हान्स किती आणि तालमीचे पैसे वेगळे का हे आधीच बोलणं, चुंबळ, हातोडी, पावडर, एक जास्तीचा तबला गाडीत असणं, याचा काही रियाज लागत नाही, करायचं एवढंच.

सध्या वहीत एक नवीन ओळ आलीये. आमच्या इथल्या एका हवेलीत, म्हणजे वैष्णवांच्या कृष्णमंदिरात, कीर्तनाला पखवाज वाजवणारे आजोबा आता थकलेत, त्यांनी निरोप पाठवला की कोणी शिकणारा असेल तर ये. तबलावाल्याला पखवाज म्हणजे परत बालवाडी, पूर्ण पंजा उघडा टाकायचा, आमचा हात बोटांत अडकलेला. डाव्या तोंडाला कणीक लावायची ती किती, किती सैल मळायची, यातच पहिले काही आठवडे जातायत, जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की भांड्यासारखा वाजतो, आणि आजोबा काही सांगत नाहीत, नुसते बोटाने थोडी काढतात किंवा थोडी चिकटवतात. चौताल बऱ्यापैकी हातात बसलाय. वसंत पंचमीपासून चाळीस दिवस हवेलीत होरीची पदं चालतात आणि त्यात धमार लागतो, चौदा मात्रांचा, कथकच्या परीक्षेत वाजवतो तोच पण खुल्या हाताचा. आजोबा म्हणाले की तोवर बसला तर या वर्षी शेजारी बसून वाजव, नाही बसला तर झांज धर, झांज धरायला पण माणूस लागतोच.